नव्या इमारतींत गॅसबंदी: बर्कलीचा नियम का पडला, न्यूयॉर्कचा कसा टिकला, आणि भिंती उघड्या असताना काय घालून घ्यावं

काटकोन

अमेरिकेतल्या शहरांच्या गॅसबंदीचा विषय निघाला की चर्चा दोनच मिनिटांत "आता आमची शेगडी काढून नेणार का" इथे येऊन थांबते. कायदा शेगडीचा नव्हताच. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना बांधकाम, वायरिंग किंवा परवान्यांची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं ही विनंती.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरापासून. जुलै २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने नियम केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. नियमाचा गाभा एवढाच होता की नव्या इमारतीत मीटरपासून आत जाणारी गॅसची नळी टाकायला परवानगी मिळणार नाही. जुन्या घरांना हात लावलेला नव्हता. उपकरणांची कार्यक्षमता हा केंद्र सरकारचा प्रांत आणि नळी हा गावाचा, अशी विभागणी गृहीत धरून मसुदा केला होता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेस्टॉरंट मालकांची संघटना न्यायालयात गेली. जिल्हा न्यायालयात २०२१ साली शहर जिंकलं, पण एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने निकाल फिरवला. १९७५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्यात असं कलम आहे की ज्या उपकरणांना केंद्राने कार्यक्षमतेची मानकं लावली आहेत, त्यांच्या "ऊर्जा वापरा"बद्दल राज्यांनी किंवा शहरांनी स्वतंत्र नियम करू नयेत. न्यायालय म्हणालं, नळीच नाही तर शेगडीचा गॅस वापर शून्य होतो, आणि वापर शून्यावर आणणं हे वापराचं नियमनच झालं. जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी नाकारली गेली आणि मार्च २०२४ मध्ये शहराने नियम मागे घ्यायचं मान्य केलं.

चांगल्या हेतूने केलेला नियम एका शब्दाच्या अर्थावर पडला, याचं वाईट वाटतं. पण त्यातून पुढच्यांना वाट दिसली.

सांधेवाला

न्यूयॉर्क शहराने वेगळी पद्धत वापरली, ती समजून घेण्यासारखी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेला स्थानिक कायदा क्रमांक १५४. त्यात "गॅस नको" असं थेट म्हटलेलं नाही. इमारतीत जाळल्या जाणाऱ्या इंधनातून दर दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) २५ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये, एवढीच अट आहे.

आता आकडे लावा. नैसर्गिक वायू जाळला की दहा लाख बीटीयूला साधारण ५३ किलो निघतो, हीटिंग ऑइलला ७४ च्या आसपास. दोन्ही मर्यादेच्या दुपटीहून वर. विजेवर चालणारं उपकरण इमारतीत काही जाळतच नाही, म्हणून ते मर्यादेच्या कक्षेतच येत नाही. नळीचं नाव न घेता परिणाम तोच.

सात मजल्यांपेक्षा कमी उंचीच्या नव्या इमारतींना हे २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झालं, सात व त्याहून उंच इमारतींना जुलै २०२७ पासून. रुग्णालयं, प्रयोगशाळा, व्यावसायिक स्वयंपाकघरं, लाँड्रोमॅट (पैसे टाकून कपडे धुण्याची दुकानं), शवदाहगृहं, आपत्कालीन जनरेटर यांना सवलत आहे. व्यावसायिक स्वयंपाकघरांना आधीच वगळलं हे शहाणपणाचं होतं, कारण बर्कलीत खटला भरणारे तेच होते.

प्लंबिंग ठेकेदारांच्या संघटनांनी इथेही तोच १९७५ चा कायदा पुढे करून दावा लावला. मार्च २०२५ मध्ये तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. बर्कलीचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि तो अर्थ आपल्याला पटतही नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. न्यूयॉर्क राज्याचा स्वतंत्र कायदा २०२३ चा आहे. तोही जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयात टिकला, पण अपील चालू असल्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याने अंमलबजावणी पुढे ढकलायचं मान्य केलं. शहराचा आणि राज्याचा कायदा हे दोन वेगळे आहेत, बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

उंबरठा

म्हणजे बे एरियात (बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) आता नव्या घरात गॅस घेता येतो? बिल्डर म्हणतात "कोर्टाने बंदी उठवली, हवी तर लाइन टाकून देतो." हे खरं धरायचं का?

काटकोन

@उंबरठा, अर्धं खरं. नळीवरची सरळ बंदी गेली, पण चार गोष्टी शिल्लक आहेत.

पहिली, कॅलिफोर्निया राज्याची ऊर्जा संहिता, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराचे नियम. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आवृत्तीत गॅस घेतला तरी विजेची तयारी करून ठेवणं सक्तीचं झालं. तपशील वायरिंगवाल्यांनी लिहावा.

दुसरी, अनेक शहरं बंदीऐवजी एकूण कामगिरीच्या अटीकडे वळली. घराच्या ऊर्जेचा हिशोब राज्याच्या किमान पातळीपेक्षा ठरावीक गुणांनी चांगला यायला हवा. गॅसवाल्या घरालाही हे जमवता येतं, पण जास्त इन्सुलेशन, चांगल्या खिडक्या, जास्त सोलर घालून. हीट पंपवालं घर (विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र असलेलं) ते सहज पार करतं. कोणत्याही इंधनाला मनाई नसल्याने हा मार्ग कायद्यात बसतो. मात्र राज्याच्या २०२५ च्या एबी १३० या कायद्याने शहरांना निवासी बांधकामाचे नवे, अधिक कडक नियम करायला ऑक्टोबर २०२५ पासून जून २०३१ पर्यंत जवळजवळ मज्जाव केला आहे. आधीपासून असलेले नियम कोणते, हे गावागावाप्रमाणे बघावं लागेल.

तिसरी, पैसा. आधी नव्या घरापर्यंत गॅसची लाइन आणायच्या खर्चाचा काही भाग सगळ्या ग्राहकांच्या बिलातून जायचा. राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने (वीज-गॅस कंपन्यांवरच्या नियामकाने) सप्टेंबर २०२२ मध्ये हे अनुदान बंद करायचं ठरवलं आणि १ जुलै २०२३ पासून ते बंद झालं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. बिल्डर "टाकून देतो" म्हणाला, तर कुणाच्या पैशाने ते आधी विचारावं.

चौथी, हवा. बे एरियाच्या हवा गुणवत्ता मंडळाने मार्च २०२३ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडबद्दल नियम मंजूर केला. घरगुती आकाराचे वॉटर हीटर २०२७ पासून आणि फर्नेस (घर तापवायची भट्टी) २०२९ पासून शून्य उत्सर्जनाचे असावेत, असं वेळापत्रक त्यात आहे. हा नियम उपकरणाच्या विक्रीला आणि बसवण्याला लागतो, म्हणजे जुन्या घरातला हीटर बदलतानाही. शेगडी यात नाही. आज नव्या घरात गॅसचा वॉटर हीटर बसवणाऱ्याने हे वेळापत्रक समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

मोकळा_दरवाजा

उलट बाजूही नोंदवतो. बर्कलीनंतर वीसहून अधिक राज्यांनी कायदे करून आपल्या शहरांचे हात आधीच बांधून टाकले. सुरुवात २०२० मध्ये ॲरिझोनाने केली. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रुकलाइन गावाने नोव्हेंबर २०१९ मध्ये नियम केला, तो राज्याच्या ॲटर्नी जनरलनी जुलै २०२० मध्ये रद्द केला, कारण तिथे इमारत संहिता हा राज्याचा अधिकार आहे. पुढे २०२२ मध्ये राज्यानेच दहा गावांना प्रायोगिक परवानगी दिली. एखाद्या शहराने ठरवलं म्हणून भागत नाही, अधिकार वरून आलेला असावा लागतो. युरोपात हे सोपं गेलं ते त्यामुळेच. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसजोडणी न देणं हा देशाचाच नियम आहे. कॅनडात व्हँकूव्हरकडे स्वतःची इमारत संहिता करायचा अधिकार आहे, म्हणून नव्या कमी उंचीच्या निवासी इमारतींत जागा आणि पाणी तापवायला शून्य उत्सर्जनाची अट २०२२ पासून लावता आली.

दुधाणी

माझा मूळ आक्षेप असा की वीज तरी कुठून येते? गॅस जाळूनच बनवायची आणि मग तारेतून आणून पुन्हा उष्णता करायची, यात काय साधलं?

सांधेवाला

@दुधाणी, आक्षेप रास्त आहे, उत्तर उपकरणागणिक वेगळं येतं.

गॅसवर चालणारं चांगलं वीज केंद्र १०० युनिट गॅसमधून ४५ ते ५० युनिट वीज देतं. तारेतली गळती वजा जाता घरापर्यंत ४३ ते ४७. हीट पंप एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता आत आणतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आणतो. म्हणजे १०० युनिट गॅसमागे १३० ते १४० युनिट उष्णता. घरातली उत्तम फर्नेस देते ९० ते ९५. पूर्ण वीज गॅसची असली तरी हीट पंप पुढे, आणि सोलर वा जलविद्युत मिसळली की अंतर वाढतं.

शेगडीचं तसं नाही. इंडक्शन ८५ टक्के ऊर्जा भांड्यात घालतं, गॅसची शेगडी ३२ ते ४० टक्के. वरच्याच साखळीने गेलं तर इंडक्शनला ३७ ते ४० मिळतात. म्हणजे जवळपास बरोबरी. शेगडीचा मुद्दा कार्बनचा कमी आणि घरातल्या हवेचा जास्त आहे, कारण ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड स्वयंपाकघरातच सुटतो.

म्हणून मला मनापासून वाटतं की सगळं भांडण चुकीच्या उपकरणावर झालं. घरातला बहुतेक गॅस जागा आणि पाणी तापवण्यात जातो, शेगडीचा वाटा अगदी थोडा. लोकांचा जीव मात्र शेगडीत. शहरांनी आधी वॉटर हीटर आणि फर्नेस धरले असते तर रेस्टॉरंटवाले न्यायालयात गेलेच नसते.

गजकाम

वायरिंगचं मी लिहितो. कॅलिफोर्नियाच्या संहितेनुसार गॅस उपकरण बसवलं तरी त्याच्या तीन फुटांच्या आत विजेची स्वतंत्र लाइन आणून ठेवायची: शेगडीसाठी २४० व्होल्ट ५० अँपिअर, ड्रायरसाठी २४० व्होल्ट ३० अँपिअर, फर्नेसच्या जागी हीट पंपसाठी २४० व्होल्ट ३० अँपिअर. तांब्याची तार ५० अँपिअरला ६ गेज, ३० ला १० गेज (गेज म्हणजे जाडी, आकडा लहान तितकी तार जाड). गॅसच्या वॉटर हीटरजवळ १० गेजची तार आणि पॅनेलमध्ये राखीव जागा.

चुका पॅनेलपाशी, म्हणजे घराच्या ब्रेकरांच्या पेटीपाशी, होतात. २४० व्होल्टचा प्रत्येक ब्रेकर दोन खाचा घेतो. शेगडी, ड्रायर, हीट पंप, वॉटर हीटर आणि गाडीचा चार्जर मिळून दहा खाचा. वीस खाचांच्या पॅनेलमध्ये दिवे, आउटलेट, डिशवॉशर टाकल्यावर या दहा उरतच नाहीत. नव्या घरात ४० खाचांचं पॅनेल मागा. बांधकामाच्या वेळी किमतीतला फरक किरकोळ असतो, नंतर पॅनेल बदलायचं म्हणजे परवाना, वीज कंपनीची तारीख, भिंतीची तोडफोड.

आता पूर्ण विजेवरच्या घराच्या मुख्य जोडणीला "२०० अँपिअर लागतीलच" या समजुतीबद्दल. हिशोब करून बघा. घर २,००० चौरस फूट. दर चौरस फुटाला ३ प्रमाणे ६,००० व्होल्ट-अँपिअर. स्वयंपाकघराची दोन सर्किटं आणि कपडे धुण्याचं एक, प्रत्येकी १,५०० म्हणजे ४,५००. इंडक्शन रेंज (शेगडी आणि ओव्हन एकत्र) ११,०००, वॉटर हीटर ४,५००, ड्रायर ५,०००, डिशवॉशर १,२००, सिंकखालचा ग्राइंडर ८००, मायक्रोवेव्ह १,५००, चार्जर ७,६८०. बेरीज ४२,१८०. पहिले १०,००० पूर्ण धरायचे, उरलेल्या ३२,१८० चे ४० टक्के म्हणजे १२,८७२. त्यात हीट पंपाचे ५,००० पूर्ण मिळवा. एकूण २७,८७२. भागिले २४० व्होल्ट, ११६ अँपिअर.

म्हणजे १२५ अँपिअरच्या जोडणीतही बसतं, फक्त काठोकाठ. पण हीट पंपाच्या आत १० किलोवॉटची पट्टी, म्हणजे जादा थंडीसाठीचा विजेचा हीटर टाकला, तर त्याचे ६५ टक्के धरावे लागतात आणि आकडा १४३ वर जातो. बे एरियात या पट्टीची गरज नसते, तरी काही ठेकेदार सवयीने टाकतात. न्यू जर्सीसारख्या थंड भागात थंड हवेसाठी बनवलेला हीट पंप घ्यावा आणि पट्टी किती किलोवॉटची ते लेखी घ्यावं.

उंबरठा

हीट पंपवाल्या वॉटर हीटरबद्दल तक्रारी फार ऐकू येतात. पाणी पुरत नाही, आवाज येतो, खोली गार पडते. हे यंत्राचं वैगुण्य की बसवण्याचं?

गजकाम

@उंबरठा, बहुतेक वेळा बसवण्याचं. हे यंत्र आजूबाजूच्या हवेतली उष्णता पाण्यात घालतं, त्यामुळे त्याला हवा लागते. बहुतेक कंपन्या साधारण ७०० घनफूट मोकळी जागा मागतात. तीन बाय तीन फुटांच्या कपाटात आठ फूट उंची धरली तरी ७२ घनफूट होतात. दार बंद केलं की आतली हवा गार होते, हीट पंपाचा दम जातो आणि यंत्र आतल्या साध्या हीटिंग एलिमेंटवर जातं. मग ४०० ते ५०० वॉटऐवजी ४,५०० वॉट ओढले जातात आणि बिल बघून माणूस यंत्राला दोष देतो. उपाय म्हणजे दाराला वर आणि खाली झडपांची जाळी, किंवा गार हवा बाहेर सोडणारा डक्ट. गराज मिळत असेल तर सर्वांत उत्तम.

दुसरं, निचरा. हवेतली वाफ पाणी होऊन थेंब थेंब पडते, तिला उताराने जायला वाट हवी. संहितेत अट आहे की हा निचरा हीटरच्या बुडापेक्षा दोन इंचांहून वर नसावा. स्लॅब ओतण्याआधी हे पाहिलं नाही तर नंतर छोटा पंप लावावा लागतो, आणि तो बंद पडला की गराजमध्ये पाणी.

तिसरं, आकार. गॅसची ५० गॅलनची टाकी होती म्हणून हीही ५० ची घेऊ नये, ही टाकी सावकाश भरून येते. चार माणसांना ६५ गॅलन घ्या. पाणी १४० अंश फॅरनहाइटला साठवायचं आणि बाहेर पडताना मिश्रण झडपेतून १२० ला आणायचं, म्हणजे तीच टाकी जास्त पुरते. झडप नसताना मात्र १४० ठेवू नका, चटका बसेल. आवाज फ्रिजपेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लावू नये. हवेची जाळी दर दोनतीन महिन्यांनी धुवा.

ताटवाटी

कायदा, तारा सगळं ठीक, पण आपल्या घरात निर्णय फुलक्यावर होतो. तेवढं सविस्तर लिहिते.

आधी भांडी. फ्रिजवरचं चुंबक बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं चालतं, नुसतं टेकून राहिलं तर नाही. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही, इंडक्शनचं बूड असलेला घ्यावा लागतो. कुकरच्या आतले डबे कोणत्याही धातूचे चालतात. फोडणीची छोटी कढली पुष्कळ शेगड्या ओळखतच नाहीत, बूड निदान १० ते १२ सेंटिमीटर हवं. गोल बुडाची कढई बिनकामाची, सपाट बुडाची घ्या.

तवा लोखंडी, पण सपाट. आपला खोलगट तवा काचेला मध्येच टेकतो, कडेला फट राहते, आणि पोळी मध्ये करपून कडेला कच्ची राहते. बिडाचा तवा एकदम मोठ्या आचेवर टाकू नका, वाकतो किंवा तडकतो. नऊपैकी चारवर तीनचार मिनिटं, मग सातवर.

फुलका असा: पहिली बाजू १० ते १५ सेकंद, फक्त रंग बदलेपर्यंत. उलटून दुसरी बाजू अर्धा मिनिट, बारीक ठिपके पडेपर्यंत. पुन्हा उलटून सुती फडक्याच्या घडीने कडेकडेने हलकं दाबत फिरवा. वाफ दाबलेल्या जागेतून मधे सरकते आणि फुलका तव्यावरच टम्म फुगतो. कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल हवी आणि लाटताना कडा पातळ राहू नयेत. कड फाटली की वाफ निघून गेली.

इंडक्शनच्या काचेवर तारेची जाळी ठेवून फुलका फुगवायचा प्रयत्न करू नका. तिथे ज्योत नाही की निखारा नाही, काचेला ओरखडे मात्र पडतात. भाकरीला थेट धग हवीच असते, म्हणून पापुद्रा सुटण्यासाठी लाल होणारी विजेची कॉइल वेगळी ठेवा, त्यावर जाळी चालते. ती आणि सुटी इंडक्शन एकाच सर्किटवर लावू नका. १,८०० वॉटची शेगडी १२० व्होल्टवर एकटी १५ अँपिअर ओढते, ओट्यावरचं सर्किट २० चं असतं, दोन्ही लावली की ब्रेकर पडणार. भरताचं वांगं टोचे मारून ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (वरून धग देणाऱ्या पट्टीखाली), मधे उलटून, साल सुरकुतेपर्यंत.

चिमणी हवीच, ज्योत गेली तरी फोडणीचा धूर आहेच. कॅलिफोर्नियाच्या संहितेत १,५०० चौरस फुटांवरच्या घराला विजेच्या शेगडीवर मिनिटाला ११० घनफूट हवा ओढणारी चिमणी चालते, गॅसला १८० लागते.

दुधाणी

@ताटवाटी, कॉइलचं कळलं, धन्यवाद. आता पुण्या-मुंबईबद्दल विचारतो. आपल्या महापालिकांनी असं काही करावं का? इथे तर नव्या इमारतीत पाइप गॅस असणं हीच सोय समजतात.

सांधेवाला

आज तसंच्या तसं नको, असं माझं स्पष्ट मत. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, कारण कोळसा. इंडक्शनच्या ८५ टक्क्यांनी भागलं तर भांड्यात पोचलेल्या युनिटमागे ०.८२ किलो. पाइप गॅस जाळला की युनिटला ०.१८, बर्नर ५० टक्के धरला तर ०.३६. म्हणजे स्वयंपाकात आज गॅस निम्म्याहून कमी. घरं तापवण्याचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. अंघोळीच्या पाण्याचा आहे, आणि साधा विजेचा गीझर यात सगळ्यांत वाईट. तिथे गच्चीवरचं सोलर आधी, हीट पंप नंतर.

मुंबईतला ताजा प्रश्न वेगळा आहे, तो लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर महापालिकेने बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि त्यात पाइप गॅस हा मान्य पर्याय आहे. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार केला तर हे पाऊल योग्यच.

पण नव्या इमारतीत स्वयंपाकघरापर्यंत इंडक्शनसाठी स्वतंत्र जाड तार आणि गच्चीवरून सोलरच्या गरम पाण्याची इन्सुलेशन केलेली नळी, एवढं बांधतानाच सक्तीचं करायला काहीच हरकत नाही. ग्रिड वर्षागणिक सुधारत जाईल, भिंत पुन्हा कोणी फोडणार नाही.

उंबरठा

शेवटचं एक. घराचा ताबा घेताना ही "विजेची तयारी" खरंच केली आहे हे कसं तपासायचं? भिंत तर बंद झालेली असते.

गजकाम

शेगडी आणि ड्रायरच्या मागे कोरी झाकणपट्टी असते, तिच्यावर "२४० व्होल्ट रेडी" असं लिहिलेलं असायला हवं. पॅनेलच्या दारामागे राखीव खाचांवर भविष्यातील २४० व्होल्ट वापरासाठी अशी कायमची खूण हवी. खूण नसेल तर त्या खाचा दुसरं कोणीतरी वापरून टाकतं. झाकणपट्टी इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या: तारेची टोकं बंद केलेली आणि सहा इंच तरी मोकळी असावीत, आत ओढून तुटकी ठेवलेली नसावीत. मग एका टोकाला तारा जोडून दुसऱ्या टोकाला सातत्य तपासायला सांगा, कारण ड्रायवॉल (भिंतीवरचे जिप्समचे तक्ते) ठोकताना स्क्रू तारेतून गेलेला असू शकतो. शक्य असेल तर ड्रायवॉल चढण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून.